सूर्यावरचे डाग, समुद्राची ऊब आणि बेटांवरची वादळे

दीपस्तंभ

१८७२ साली मॉरिशसच्या वेधशाळेचे प्रमुख चार्ल्स मेल्ड्रम यांनी एक दावा केला. पोर्ट लुई बंदरात येणाऱ्या जहाजांच्या रोजनिशा चाळून त्यांनी दक्षिण हिंद महासागरातल्या चक्रीवादळांची वर्षवार नोंद ठेवली होती. ती मोजताना त्यांच्या लक्षात आले की सूर्यावर डाग वाढतात त्या वर्षांच्या आसपास वादळेही वाढतात, आणि डाग ओसरले की वादळेही ओसरतात. पुढच्याच वर्षी, १८७३ मध्ये, क्यूबाचे हवामानतज्ज्ञ आंद्रेस पोएय यांनी कॅरिबियन समुद्रातल्या अँटिलीस बेटांवरच्या जुन्या वादळांची यादी तपासली आणि तसाच निष्कर्ष मांडला.

दोन बेटे, दोन वेगळे महासागर आणि उत्तर एकच. डागांचे साधारण अकरा वर्षांचे चक्र जर्मन निरीक्षक श्वाबे यांनी १८४३ मध्येच दाखवून दिले होते. वादळे त्या चक्राला बांधलेली असतील तर बेटांवरच्या माणसांना कित्येक वर्षे आधी सावध करता येईल, ही आशा त्या काळात किती मोठी वाटली असेल! हे वाचल्यापासून विषय माझ्या डोक्यातून जात नाही. गेले काही महिने मिळेल ते वाचते आहे. त्यातून जे कळले ते मांडते, चुकले असेल तिथे दुरुस्त करा.

आधी सूर्य. वातावरणाच्या माथ्यावर, सूर्याच्या समोर धरलेल्या दर चौरस मीटरला साधारण १३६१ वॉट ऊर्जा पोचते. डाग शिगेला असताना हा आकडा जेमतेम एक वॉटने वाढतो. म्हणजे हजारात एक भाग. तो गोल पृथ्वीवर वाटला आणि परत फेकला जाणारा हिस्सा वजा केला की दर चौरस मीटरला ०.२ वॉटच्या आसपास काहीतरी उरते. पृथ्वीच्या सरासरी तापमानात त्याने पडणारा फरक सुमारे एक दशांश अंशाचा.

आता समुद्र. पाण्याच्या वरच्या अडीच-तीन मीटर थराची उष्णता धरून ठेवण्याची ताकद त्याच्यावरच्या अख्ख्या हवेच्या थराएवढी असते. १९९७-९८ आणि २०१५-१६ च्या एल निनोत मध्य-पूर्व पॅसिफिकचा विषुववृत्ताजवळचा पट्टा नेहमीपेक्षा दोन अंशांहून जास्त तापला होता. एकीकडे सगळ्या जगावर पसरलेला एक दशांश अंश आणि दुसरीकडे हजारो किलोमीटरच्या एकाच पट्ट्यात साठलेले दोन अंश. वादळ कुणाचे ऐकणार, हे मला तरी स्पष्ट दिसते.

म्हणून माझे आजचे मत असे आहे: एखाद्या बेटावर यंदा काय कोसळणार हे मुख्यतः समुद्र ठरवतो. सूर्याच्या अकरा वर्षांच्या चक्राचा हात त्यात असला तरी फार हलका आहे. पण हलका म्हणजे नाहीच, असे म्हणायला मन धजत नाही. मेल्ड्रम काही ऐऱ्यागैऱ्या माणूस नव्हता. त्यांना जे दिसले ते काय होते? इथे जाणकार आहेत. तुम्हाला काय वाटते?

---

वातकुक्कुट

धागा आवडला. तुमच्या मुख्य मताशी सहमत आहे. पण आधी एक सांगायला हवे, उष्ण कटिबंधातली बेटे सगळी एका माळेत ओवता येत नाहीत. एकच एल निनो एका बेटाला बुडवतो आणि दुसऱ्याला घोटभर पाण्यासाठी तरसवतो.

नेहमीच्या वर्षी पॅसिफिकवरचे व्यापारी वारे पूर्वेकडून वाहतात आणि तापलेले पाणी पश्चिमेला ढकलत नेतात. इतके, की इंडोनेशियाजवळची समुद्राची पातळी इक्वेडोरच्या किनाऱ्यापेक्षा जवळपास अर्धा मीटर उंच असते. उबदार पाण्यावर ढग जमतात, पाऊसही तिकडेच. वारे मंदावले की साठलेली ऊब पूर्वेकडे परत सरकते, ढग तिच्या मागे जातात आणि चक्रीवादळे जन्माला येण्याची जागाही सरकते. हाच एल निनो. वारे नेहमीपेक्षा जोरात वाहिले की ला निना.

ताहिती आणि आजूबाजूची बेटे एरवी चक्रीवादळांच्या वाटेपासून लांब आहेत. १९८२-८३ च्या मोठ्या एल निनोत वादळांचा जन्मपट्टा पूर्वेला सरकला आणि फ्रेंच पॉलिनेशियाला एकाच मोसमात एकामागून एक तडाखे बसले. एप्रिल १९८३ मध्ये व्हीना नावाच्या वादळाने खुद्द ताहितीला झोडपले. त्याच वेळी पश्चिमेकडच्या बेटांवर आभाळ कोरडे. १९९७-९८ मध्ये मार्शल बेटे आणि मायक्रोनेशियात दुष्काळ पडला. प्रवाळाच्या कंकणद्वीपावर नदी नसते, ओढा नसतो. छपरावरून टाकीत उतरलेले पाणी, आणि वाळूखाली खाऱ्या पाण्यावर तरंगणारा गोड्या पाण्याचा पातळ थर, एवढीच त्यांची पुंजी. दोन-तीन महिने पाऊस हुकला की ती संपते.

उलट बाजूही बघा. तुवालूला ला निना कोरडा जातो. २०११ मध्ये तिथे पाण्यासाठी आणीबाणी जाहीर करावी लागली आणि समुद्राचे पाणी गोडे करणारी यंत्रे न्यूझीलंडहून विमानाने न्यावी लागली. सामोआत मोठ्या एल निनोच्या वेळी समुद्र खाली उतरतो, प्रवाळाचे माथे उघडे पडतात, मरतात आणि कुजतात. त्या घाण वासाच्या ओहोटीला सामोअन भाषेत ‘ताईमासा’ असा शब्दच आहे. ज्या गोष्टीला लोकांनी नाव ठेवले, ती त्यांनी पुन्हा पुन्हा सोसलेली असते.

हिंद महासागराचा झोका वेगळा. साजी, गोस्वामी, विनयचंद्रन आणि यामागाता यांनी १९९९ मध्ये तो मांडला, आपण त्याला हिंद महासागर द्विध्रुव म्हणतो. सुमात्राकडचे पाणी थंड आणि आफ्रिकेकडचे उबदार, किंवा याच्या उलट. २०१९ चा द्विध्रुव फार जोरदार होता.

आणखी एक गोष्ट, गिल्बर्ट वॉकर यांच्याबद्दल. १९०४ ते १९२४ ते भारतीय हवामान खात्याचे प्रमुख होते. पॅसिफिकच्या एका बाजूला हवेचा दाब वाढला की दुसऱ्या बाजूला उतरतो, हा एल निनोशी जोडलेला झोका त्यांनीच नीट मांडला. पण त्याआधी, १९१५ च्या सुमारास, त्यांनी जगभरच्या हवामान ठाण्यांचे पाऊस, तापमान आणि दाब यांचे आकडे सौरडागांशी ताडून पाहिले होते. संबंध सापडले, पण कमकुवत आणि जागोजागी वेगळे. अंदाजाला उपयोगी पडेल असे काही हाती लागले नाही, तेव्हा ते ठाण्यांचे आकडे एकमेकांशीच ताडू लागले, आणि तिथे खजिना सापडला. आज त्या झोक्याचा निर्देशांक ताहिती आणि ऑस्ट्रेलियातले डार्विन या दोन ठिकाणच्या दाबाच्या फरकावरून काढतात. दोनांतले एक ठाणे बेटावरचे आहे.

---

शिंपला

वाचतेय, फार छान चालले आहे. एक शंका. एल निनो-ला निना पॅसिफिकमध्ये घडतात. मग ला निना आला की कॅरिबियन बेटांवर वादळे वाढतात असे का म्हणतात? मध्ये तर अख्खा खंड आहे.

---

वातकुक्कुट

@शिंपला, मधला दुवा वाऱ्याचा आहे. पाण्याचा नाही.

चक्रीवादळ म्हणजे उभी चूल. खालून उबदार दमट हवा शिरते आणि वर जाऊन बाहेर फेकली जाते. ही चूल सरळ उभी राहिली तरच पेटते. खालचा वारा एका दिशेला आणि दहा-बारा किलोमीटरवरचा वारा दुसऱ्या दिशेला जोरात वाहत असेल तर वादळाचा माथा धडापासून सरकतो आणि ते विस्कटते. एल निनोत पॅसिफिकवरून वर उसळलेली हवा पूर्वेला वाहत कॅरिबियनच्या माथ्यावरून जोरात जाते, त्यामुळे तिथे ही ओढाताण वाढते. ला निनात ती कमी होते. विल्यम ग्रे यांनी १९८४ मध्ये हे दाखवले आणि तेव्हापासून अटलांटिकच्या मोसमी अंदाजांचा तो पाया आहे.

पण तो एकटा पुरत नाही. २०२३ मध्ये जोरदार एल निनो होता. नियमाप्रमाणे अटलांटिक शांत राहायला हवा होता. प्रत्यक्षात तिथले पाणी इतके तापलेले होते की नाव मिळालेली वीस वादळे झाली. २०२४ मध्ये तर १ जुलैला बेरिल ग्रेनेडाच्या कॅरियाकू बेटावर पाचपैकी चौथ्या श्रेणीत धडकले आणि दुसऱ्या दिवशी पाचव्या श्रेणीत गेले. अटलांटिकच्या नोंदीत इतक्या लवकर पाचवी श्रेणी आधी कुठल्याच वादळाने गाठली नव्हती. ला निना तेव्हा आलेलाही नव्हता. तापत चाललेला समुद्र या झोक्यांचे जुने नियम वाकवू लागला आहे. मला या सगळ्यात सर्वांत जास्त काळजी याची वाटते.

---

भास्कर_११

सूर्याच्या बाजूनेही कुणी बोलायला हवे. दीपस्तंभताई, तुमचा ०.२ वॉटचा हिशोब बरोबर आहे. पण तो सगळ्या किरणांची एकत्र बेरीज धरून केलेला आहे. अतिनील किरणांमधला बदल याहून कितीतरी मोठा असतो, काही तरंगलांबींना काही टक्क्यांचा. ते किरण जमिनीपर्यंत येत नाहीत. स्थितांबरातला, म्हणजे ढगांच्याही वरच्या हवेच्या थरातला, ओझोन ते शोषतो आणि तापतो. तिथले तापमान बदलले की तिथले वारे बदलतात, आणि त्याचा धक्का खाली झिरपतो. हा झाला वरून खाली येणारा मार्ग.

दुसरा मार्ग खालून वर जाणारा. जिथे आकाश निरभ्र, तिथल्या समुद्रावर जास्तीचे ऊन थेट पडते, बाष्प वाढते, ते व्यापारी वाऱ्यांबरोबर पावसाच्या पट्ट्यात जाते, पाऊस वाढतो, वारे आणखी जोर धरतात. जेराल्ड मील आणि सहकाऱ्यांनी २००९ मध्ये संगणकी प्रारूपात हे दोन्ही मार्ग एकत्र चालवून पाहिले. दोन्ही मिळून पॅसिफिकचा प्रतिसाद एकट्यादुकट्यापेक्षा मोठा निघाला. डाग शिगेला असताना पूर्व पॅसिफिक किंचित थंड, ला निनासारखा. एक-दोन वर्षांनी उलट.

आणि बेटांबद्दल थेट बोलायचे तर एल्सनर आणि जॅगर यांचे २००८ चे काम आहे. कॅरिबियनमध्ये समुद्र पुरेसा उबदार असतानाची वर्षे घेतली, तर जास्त डागांच्या काळात वादळांचा जोर कमी दिसतो. कारण त्यांनी सुचवले ते असे: वादळाचे इंजिन खालची ऊब आणि वरचा गारवा यांच्या फरकावर चालते. अतिनील किरणांनी वरची हवा तापवली की फरक घटतो आणि इंजिनाचा दम कमी होतो.

म्हणजे मेल्ड्रम आणि पोएय यांच्या अगदी उलट चिन्ह, पण संबंध आहेच.

---

आकडेमोड

भास्कर, तुमच्या शेवटच्या वाक्यातच खरी गोम आहे. १८७३ मध्ये कॅरिबियनसाठी उत्तर आले ‘डाग जास्त तर वादळे जास्त’. २००८ मध्ये उत्तर आले ‘डाग जास्त तर वादळे नरम’. मोजण्याची पद्धत वेगळी आहे हे मान्य. तरीही चिन्हच उलटले, तर ‘संबंध आहेच’ या ‘च’बद्दल मला शंका आहे.

मी संख्याशास्त्र शिकवतो, म्हणून तिथूनच बोलतो. मेल्ड्रम यांच्या दाव्यापासून आजवर किती सौरचक्रे झाली? चौदाच्या आसपास. नोंदी दीडशे वर्षांच्या असल्या तरी अकरा वर्षांच्या चक्राबद्दल बोलताना आपल्या हातात चौदा दाणे आहेत, दीडशे नाहीत. त्यातही विमाने आणि उपग्रह येण्याआधीच्या वादळमोजणीवर किती भरवसा ठेवायचा? भर समुद्रात वादळ झाले आणि जवळून जहाज गेले नाही, तर ते झालेच नाही असे धरले जायचे. ‘शिखराची वर्षे’ निवडायची म्हटली तर डझनभर वर्षे मिळतात. त्यातली चार-पाच योगायोगाने ला निनाची निघाली की सूर्याने ला निना आणला असे वाटू लागते.

दुसरी मेख ज्वालामुखींची. बालीचा आगुंग १९६३ मध्ये, मेक्सिकोचा एल चिचोन १९८२ मध्ये आणि फिलिपिन्सच्या लुझॉन बेटावरचा पिनातुबो १९९१ मध्ये फुटला. या तिन्ही वेळी सौरचक्र शिखरावरून उतरणीला लागलेले होते. यांची गंधकाची धूळ स्थितांबरात गेली, तिने वरची हवा तापवली आणि खालचा समुद्र थोडा गार केला. शिवाय १९८२ आणि १९९१ या दोन्ही वर्षी एल निनोही होता. आता त्या वर्षांच्या हवेतला फरक सूर्याच्या खात्यावर टाकायचा, ज्वालामुखीच्या की एल निनोच्या? तीन सावकार एकाच दारात उभे आहेत, आणि आपल्याला कुणाचे किती देणे ते वेगळे करता येत नाही.

मॉरिशसचेच घ्या. कॅरोल हे भयानक वादळ फेब्रुवारी १९६० मध्ये आले, डागांच्या फार मोठ्या शिखरानंतर दोन वर्षांनी. जर्व्हेज फेब्रुवारी १९७५ मध्ये आले, डाग नीचांकाला पोचायला वर्षभर असताना. दोन उदाहरणांनी काही सिद्ध होत नाही हे मलाही कळते. पण घरावरचे छप्पर उडालेल्या माणसाला अकरा वर्षांचे घड्याळ काय कामाचे, हे त्यातून दिसते.

सूर्य आणि पाणी यांची गाठ अशी सुटल्याचे जुने उदाहरणही आहे. आफ्रिकेतल्या व्हिक्टोरिया सरोवराची पातळी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला सौरडागांबरोबर इतकी सुरेख वरखाली व्हायची की १९२३ मध्ये ब्रूक्स यांनी त्यावर लिहिले. पुढे काही वर्षांतच तो मेळ मोडला.

मेल्ड्रम यांच्याबद्दल एक विचार मनात येतो, तो माझा अंदाज म्हणून घ्या. त्यांची मोजणी जहाजांच्या रोजनिशांवर उभी होती. बंदरात जहाजे किती येतात हे व्यापाराच्या चढउतारावर ठरते. १८६९ च्या अखेरीस सुएझचा कालवा उघडला आणि मॉरिशसवरून जाणारी वाहतूक रोडावली. डोळे कमी झाले की दिसणारी वादळेही कमी होणार. त्यांच्या प्रामाणिकपणाबद्दल मला तिळमात्र शंका नाही. हातात होते ते त्यांनी मोजले.

---

दीपस्तंभ

@आकडेमोड, सुएझचा मुद्दा मला सुचलाच नव्हता! हे वाचून रोजनिशांकडे बघण्याची नजरच बदलली.

---

बिनतारी

मी व्यापारी जहाजांवर रेडिओ ऑफिसर होतो. हवामानशास्त्रातले मला फार कळत नाही, पण सूर्य बेटांवरच्या वादळात कसा शिरतो याचे एक उदाहरण मला माहीत आहे. ते तुमच्या चर्चेत अजून आलेले नाही.

६ सप्टेंबर २०१७. त्या दिवशी मध्यरात्रीनंतरच्या अंधारात इर्मा हे चक्रीवादळ बार्बुडा बेटावरून गेले. वाऱ्याचा वेग ताशी सुमारे २८५ किलोमीटर. बेटावरची बहुतेक घरे मोडली आणि पुढे सगळ्या रहिवाशांना अँटिग्वाला हलवावे लागले. मागून होसे हे दुसरे वादळ येत होते. ज्या काळात दूरध्वनीचे मनोरे पडलेले, वीज गेलेली, त्या काळात बेटांचा जगाशी संबंध राहतो तो लघुलहरींच्या रेडिओवर. हौशी रेडिओवाले, बचाव विमाने, जहाजे, सगळे तिथेच.

त्याच दिवशी सूर्यावर एक्स ९.३ तीव्रतेची ज्वाला उफाळली. त्या सौरचक्रातली सर्वांत मोठी. कॅरिबियनमध्ये तेव्हा सकाळचे आठ वाजले होते, म्हणजे सूर्य समोर. लघुलहरी बंद पडल्या. वादळाच्या मदतकार्यातल्या रेडिओ-जाळ्यांना त्याचा फटका बसल्याचे नंतरच्या अभ्यासात नोंदले गेले. एका मालवाहू विमानाशी जवळपास दीड तास संपर्क तुटला होता. चार दिवसांनी एक्स ८.२ ची आणखी एक ज्वाला आली.

हे कसे होते ते सांगतो. लघुलहरी वातावरणाच्या वरच्या विद्युतभारित थरावर आपटून परत येतात, म्हणून त्या हजारो किलोमीटर जातात. ज्वालेतून निघालेले क्ष-किरण त्याच्या खालचा थर इतका भारून टाकतात की लहर वर पोचण्याआधीच गिळली जाते. खालच्या वारंवारता आधी मरतात, वरच्या नंतर. रात्रीच्या बाजूला काही होत नाही. क्ष-किरण प्रकाशाच्या वेगाने, आठ मिनिटांत येतात. म्हणजे ज्वाला दिसली तेव्हा फटका बसून गेलेला असतो. सूर्याने भिरकावलेला वायूचा लोट एक ते तीन दिवसांनी पोचतो, त्याचा इशारा देता येतो. पहिल्याचा नाही.

मी स्वतः १९८९ च्या सौरशिखरात हे अनुभवले आहे. भर दुपारी, कानावर यंत्र लावलेले, किनाऱ्यावरच्या केंद्राचा मोर्स स्पष्ट ऐकू येत होता आणि पाहता पाहता सगळा बँड मेला. खरखरसुद्धा नाही. पहिल्यांदा वाटले, आपलीच अँटेना तुटली. मी वर जाऊन बघून आलो. वीस-पंचवीस मिनिटांनी हळूहळू आवाज परत आले. त्या वेळी समुद्र शांत होता म्हणून ठीक. पुढे वादळ असते तर त्या पंचवीस मिनिटांत काय झाले असते, हे मी आजही मनात घोळवतो.

तेव्हा सूर्याने वादळ आणले का, हा वाद तुम्ही चालू ठेवा. वादळात अडकलेल्या बेटाची हाक सूर्य बंद करू शकतो, याबद्दल मात्र वाद नाही.

---

शिंपला

बिनतारी काका, वाचताना अंगावर काटा आला.

---

भास्कर_११

बिनतारींचा प्रतिसाद वाचून थांबलो. सूर्याचा परिणाम मी दशकांच्या सरासरीत शोधत होतो, आणि इथे तो एका सकाळी घड्याळ लावून सापडतो.

आकडेमोड, तुमचे म्हणणे मान्य. ‘च’ मागे घेतो. अतिनील किरणांनी स्थितांबर तापते हे मोजून पाहिलेले आहे, तिथे शंका नाही. त्याचा धक्का खाली समुद्रापर्यंत किती पोचतो, हा पूल अजून अर्धाच बांधला आहे.

---

प्रवाळ

मी समुद्री जीवशास्त्राची विद्यार्थिनी. चौदा दाण्यांची अडचण सोडवायची तर मागे जावे लागते, आणि मागे जायला प्रवाळ मदत करतात. मोठ्या प्रवाळाच्या सांगाड्यात झाडासारखी वर्षे दिसतात. त्यातल्या प्राणवायूच्या जड-हलक्या समस्थानिकांच्या प्रमाणावरून त्या महिन्यांत पाणी उबदार होते की गार, पाऊस पडला की नाही, हे काढता येते. किम कॉब यांनी मध्य पॅसिफिकच्या पाल्मायरा बेटावर लाटांनी किनाऱ्यावर फेकलेले जुने प्रवाळ कापून गेल्या हजार वर्षांतल्या काही कालखंडांचा एल निनो वाचला. २००३ च्या त्यांच्या निबंधात सर्वांत जोरदार चढउतार दिसले ते सतराव्या शतकाच्या मध्यात. सूर्यावर जवळजवळ डागच नव्हते तो काळ १६४५ च्या सुमारास सुरू होतो, त्यामुळे मोह होतो. पण सगळ्या कालखंडांवर नजर टाकली तर सूर्याशी सरळ गाठ पडत नाही. एल निनो बाहेरच्या धक्क्याशिवायही स्वतःच्या लहरीने शतकभर जोरात आणि शतकभर शांत राहू शकतो.

आता वाईट भाग. मध्य पॅसिफिकच्याच किरितिमाती बेटावरचे जवळपास ९० टक्के प्रवाळ २०१५-१६ च्या उष्णतेत मेले. मी त्या प्रवाळखडकांची आधीची आणि नंतरची छायाचित्रे वर्गात पाहिली. नंतरच्या चित्रात करड्या-तपकिरी शेवाळाखाली गाडलेले सांगाडे होते. वर्गात बराच वेळ कुणी बोलले नाही.

---

शिंपला

माझी आणखी एक शंका. सूर्याचे एवढे बोललो, चंद्राचे काय? भरती-ओहोटी तर त्याचीच.

---

वातकुक्कुट

चांगला प्रश्न, आणि इथे उत्तर सूर्यापेक्षा पक्के आहे. चंद्राच्या कक्षेचा कल १८.६ वर्षांच्या चक्राने डोलतो. बऱ्याच किनाऱ्यांवर या चक्राच्या एका टप्प्यात भरती थोडी उंच होते, नंतर थोडी बसकी. फरक काही सेंटिमीटरचा. पण समुद्राच्या पातळीपासून मीटर-दोन मीटर उंच असलेल्या कंकणद्वीपावर काही सेंटिमीटर म्हणजे विहिरीत खारे पाणी शिरणे किंवा न शिरणे. हवाई विद्यापीठातल्या फिल थॉम्पसन आणि सहकाऱ्यांनी २०२१ मध्ये दाखवले की अमेरिकेच्या बऱ्याच किनाऱ्यांवर, हवाईसह, २०३० च्या दशकाच्या मध्याला हा चढता टप्पा आणि वाढलेली समुद्रपातळी एकत्र येतील आणि भरतीचे पूर झपाट्याने वाढतील. हे चक्र आपल्याला मिनिटापर्यंत ठाऊक आहे, त्यामुळे तयारी करता येते.

तशी आणखी दोन चक्रे आहेत, आणि दोन्ही एका बेटाने दाखवली. पॅसिफिकमधल्या कँटन बेटावर सोडलेल्या फुग्यांच्या नोंदींतून १९६० च्या सुमारास कळले की विषुववृत्तावर, स्थितांबरात, वारा सरासरी २८ महिन्यांच्या चक्राने दिशा उलटवतो. त्याच बेटाच्या नोंदी चाळताना १९७१ मध्ये मॅडन आणि ज्युलियन यांना ४०-५० दिवसांचा एक झोका सापडला. पावसाचा तो पट्टा हिंद महासागरातून पूर्वेला सरकतो आणि वाटेतल्या बेटांवर आठवडाभर धुवांधार, मग उघडीप, असा खेळ चालतो. पुढच्या दोन-तीन आठवड्यांत एखाद्या बेटाजवळ वादळ जन्मेल का, याचा अंदाज आज या झोक्यावरून बांधतात.

मॉरिशसशेजारच्या रेयुनियन बेटाचे राहिले. २००७ मध्ये गामेद या वादळाने कॉमेर्सोन विवराजवळ तीन दिवसांत ३९३० मिलिमीटर पाऊस पाडला, तो जागतिक विक्रम आहे. हे वादळ बेटाला थेट धडकलेही नव्हते. दमट वारे लांबून येऊन उंच डोंगराला भिडत राहिले. चक्र कुठलेही असो, बेटाचा आकार स्वतःचा हिशोब त्यात घालतोच.

---

दीपस्तंभ

सगळ्यांचे मनापासून आभार. माझे मत बदलले नाही, पण त्याचा आकार बदलला. ‘सूर्याचा हात हलका’ असे मी वर लिहिले होते. बेटाच्या ऋतूवर तो हलका. एखाद्या सकाळी बेटाच्या संपर्कावर मात्र जड.

मेल्ड्रम यांच्या बाबतीत एक भर घालते. २९ एप्रिल १८९२ ला मॉरिशसवर चक्रीवादळ आले. मोसम जवळपास सरलेला, इतक्या उशिरा कुणाला अपेक्षा नव्हती. वादळाचा डोळा बेटावरून गेला. वारा पडला, आणि मग उलट दिशेने पुन्हा सुटला. हजाराहून जास्त माणसे गेली. मेल्ड्रम तेव्हा वेधशाळेतच होते. वीस वर्षे मोजलेल्या चक्रांनी त्यांना त्या दुपारबद्दल काही सांगितले नव्हते. मात्र त्या दिवशीचा दाब आणि वारा त्यांच्या वेधशाळेने टिपून ठेवला, आणि आज अभ्यासकांच्या उपयोगी पडतात त्या या नोंदी.

म्हणून एक विनंती. आकडेमोड म्हणाले की जुन्या काळात समुद्रावर डोळे कमी होते. आपल्यापैकी कुणाच्या घरी जहाजावर काम केलेले कुणी असेल आणि त्यांच्या हातच्या हवामानाच्या नोंदी शिल्लक असतील, तर सांगाल का? जुन्या रोजनिशांतले आकडे संगणकात उतरवून घेण्याचे काम जगभर चालू आहे, त्यात त्या जोडता येतील का ते मी बघते.

---

बिनतारी

दीपस्तंभताई, माझ्याकडे तीन वह्या आहेत. जहाजावरून दर सहा तासांनी हवामानाचा संदेश पाठवायचो, त्याची एक प्रत स्वतःसाठी लिहून ठेवायचो. दाब, वाऱ्याची दिशा, पाण्याचे तापमान, ढग. दुसऱ्या वहीत मॉरिशसच्या उत्तरेकडचे दहा-बारा दिवस आहेत. त्यात एके ठिकाणी दाब सारखा उतरत गेला आहे आणि माझे अक्षर वाकडेतिकडे झाले आहे, जहाज फार हलत होते. शाई काही पानांवर फुटली आहे, पण वाचता येते.

उद्यापासून रोज दोन पाने उतरवून इथे टाकतो. कोणता आकडा कुठल्या रकान्यात हे आकडेमोड यांनी एकदा सांगावे.